धाकट्या तळ्याचे फुकटे प्रवासी

मंडळी, एक गोष्ट आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. माझ्या तळ्यातून जिवंत बाहेर पडणारा रोगजंतू अजून जन्माला यायचाय!

हसू नका. मी सांडपाण्याच्या तळ्यांचा सुपरवायझर आहे. हो, सांडपाण्याच्याच! नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढे व्यत्यय नको. अख्खं गाव सकाळी उठून जे काही गटारात ढकलून देतं आणि हात झटकून मोकळं होतं, ते सगळं माझ्याकडे येतं. आणि हेच लोक कुठल्याही समारंभात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवतात! अरे, घाण तुमची, निस्तरणारा मी, आणि नाक धरणार तुम्ही? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

माझ्याकडे तळी तीन. थोरलं, मधलं आणि धाकटं. थोरलं खोल आणि काळंकुट्ट. आलेला गाळ त्याच्या तळाशी बसतो आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव तो खात बसतात. वर जाड साय धरते. ती साय बघून लोक ‘शी!’ करतात, पण खालचा वास दाबून ठेवते ती सायच! मग मधलं तळं. ऐसपैस, हिरवंगार. त्यातलं शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं, त्या प्राणवायूवर दुसरे सूक्ष्म जीव उरलेली घाण फस्त करतात, आणि त्यांनी जे सोडलं त्यावर शेवाळ पोसतं. कुरकुर नाही, भांडण नाही. संसार असा असावा, पण तो फक्त माझ्या मधल्या तळ्यातच दिसतो.

आणि धाकटं! उथळ, नितळ, माझ्या गळ्यातला ताईत. मधल्यातलं पाणी आधी याच्या एका टोकाच्या, बांधाआडच्या छोट्या कप्प्यात शिरतं आणि मग इकडे पसरतं. इथे सगळं काम ऊन करतं. वाचलेसुरलेले रोगजंतू उन्हात भाजून निघतात, कृमींची अंडी निमूट खाली बसतात. आठवडेच्या आठवडे रमतगमत आलेलं पाणी इथून बाहेर पडतं ते थेट सार्वजनिक बागेला. मोटर नाही, पंखा नाही, खडखड नाही. ऊन, वारा आणि सबुरी, बस्स!

पण आमच्या मोठ्या साहेबांना सबुरी म्हणजे आळस वाटतो. त्यांना हवं यंत्र. ज्याला बटण नाही ते काम करतंय यावर त्यांचा विश्वासच नाही. पाठीमागे सगळे त्यांना ‘मशीनसाहेब’ म्हणतात. ते आले की काठावर उभे राहून विचारतात, “पण हे चालू कुठून करता?”

“साहेब, हे सूर्य उगवला की चालू होतं.”

“आणि बंद?”

“बंद कशाला करायचं?”

मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मीच बंद पडलोय!

साहेबांच्या डोक्यात एकच. तळी बुजवायची, तिथे यंत्र आणायचं. आता तळी बुजली तर तळ्यांचा सुपरवायझर कशाला? आणि सुपरवायझर नाही तर तळ्याकाठचं त्याचं क्वार्टर तरी कशाला? दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पेरूचं झाड. लग्न झाल्यापासून आम्ही तिथेच राहतो. बायको आधी पदर नाकाला लावून आली होती. आता तिला दुसरीकडे झोप येत नाही. म्हणजे माझ्या लेखी तळी गेली की घर गेलं, एवढा साधा हिशोब होता.

आता नानांकडे वळतो. नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म बसकंडक्टरी केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आले. माणूस सोन्यासारखा, पण बस सुटली तरी कंडक्टर सुटला नाही! घरात मी न्हाणीघराकडे निघालो की यांची हाक, “पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी करू नका!” जेवायला बसलो की “सुट्टे ठेवा!” दाराची बेल वाजली की बायको उठायच्या आत हे ओरडणार, “थांबा! आधी उतरू द्या!” आणि हातात सदैव तो तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा. कंपनीला सगळं परत केलं, तेवढा मात्र जवळ ठेवला. टिक-टिक, टिक-टिक! मी पेपर वाचतोय, टिक-टिक! मी दाढी करतोय, टिक-टिक! दोनदा गाल कापला हो माझा!

शेवटी मी एक योजना आखली. योजना आखण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही. मी म्हटलं, “नाना, घरात बसून पाय आखडतात. रोज दुपारी धाकट्या तळ्यावर चक्कर मारत चला. मोकळी हवा, छान ऊन.”

नाना खूश. बायको तर इतकी खूश की डोळ्यांत पाणी आलं तिच्या. “अहो, किती काळजी करता हो तुम्ही बाबांची!” मी मान खाली घालून मोठेपणा स्वीकारला. घरात शांतता आणि बायकोची मर्जी! एका दगडात दोन पक्षी!

पक्षी. हा शब्द तेव्हा मी किती सहज वापरला!

नाना दुपारी जाऊ लागले, जाताना उरलासुरला पाव पिशवीत टाकून नेऊ लागले. मी म्हटलं, भूक लागत असेल म्हाताऱ्याला. मी दुपारी थोरल्या तळ्याकडे असायचो, नाहीतर ऑफिसात मशीनसाहेबांच्या शिव्या खात. धाकट्याकडे मुद्दाम बघायला जावं असं कधी वाटलंच नाही. गुणी पोराकडे कोण बघतं?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साहेबांनी बैठक बोलावली. नगरपालिकेची समिती आली होती. तिच्या अध्यक्षबाई फार कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. साहेबांनी भिंतीवर यंत्राचं चित्र दाखवलं. चकचकीत पोलादी टाक्या. “आणि सध्या आमच्याकडे काय आहे?” म्हणत दुसरं चित्र दाखवलं. माझं थोरलं तळं! तेही सायीच्या बाजूनं! जवळून! मंडळी, कुणाच्याही म्हाताऱ्या आईचा फोटो तिने दातांची कवळी काढलेली असताना घेऊ नये!

माझं डोकं सणकलं. मी उठलो. “बाई, चित्रं काय बघता? पाणी बघा! शेवटच्या तळ्याचं पाणी तपासा. त्यात रोगजंतू सापडले तर खुशाल तळी बुजवा!”

अध्यक्षबाई म्हणाल्या, “ठरलं तर.”

साहेब इतके गोड हसले की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

प्रयोगशाळेतल्या बाई सकाळीच येऊन, धाकट्यातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी बाटली भरून घेऊन गेल्या. मी घरी येऊन मिशीला पीळ देत बसलो. बायकोला म्हटलं, “आता बघ, साहेबाचं तोंड कसं होतं ते!”

बाईंचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो.

“तुमच्या पाण्यात आहेत हं.”

“काय?”

“जंतू. विष्ठेतले. भरपूर.”

चहा माझ्या नाकातून आला. “बाई, तुमची बाटली खराब असेल!”

“बाटली आम्ही उकळून घेतो.”

“मग हात!”

बाईंनी फोन ठेवला. बरोबरच आहे. पण माझ्या जागी असता तर तुम्ही काय वेगळं बोलला असता?

मी तिरीमिरीत निघालो. नक्की साहेबाची करणी! कुणीतरी मैल्याचा टँकर आणून धाकट्यात ओतला असणार! थोरल्यावर गेलो, साय जागच्या जागी. मधल्यावर गेलो, हिरवंगार, काठाला प्राणवायूचे बुडबुडे सुटताहेत. दोघांत खोट नाही. मग बांधावरून धाकट्याकडे वळलो आणि पाय जमिनीला खिळले.

पाणी दिसतच नव्हतं! पाण्याच्या जागी बदकं होती. करडी, तपकिरी, हिरव्या मानेची, पांढऱ्या चोचीची. शेकड्यांनी! आणि काठावरच्या दगडावर उभे नाना, हातात चिमटा. टिक-टिक! की सगळी बदकं वळून त्यांच्याकडे. टिक-टिक! की एकामागे एक रांगेत.

“ए, तपकिरी! मधे घुसू नकोस! पुढे सरका, मागे जागा आहे! लहान मुलांना आधी!” आणि पावाचा तुकडा टप्पकन प्रत्येकाच्या चोचीत.

“नाना!” मी किंचाळलो.

“या जावईबापू!” नाना आनंदाने म्हणाले. “बघा, काय शिस्त लागलीये! सुरुवातीला चारच प्रवासी होते हो. आता सगळ्या गाड्या फुल्ल!”

मंडळी, तुमच्या ध्यानात आलं का? आठवडेच्या आठवडे राबून मी गावाची घाण साफ करायची, आणि शेवटच्या तळ्यात, दाराशी, पोटभर पाव खाऊन या शेकडो पाहुण्यांनी ते पाणी पुन्हा घाण करून ठेवायचं! आणि यांना आमंत्रण कुणी दिलं? माझ्या सासऱ्यांनी! आणि सासऱ्यांना तिथे कुणी पाठवलं? जाऊ द्या.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“म्हणजे माझ्या बाबांमुळे पाण्यात जंतू झाले, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“अगं, बाबांमुळे नाही, बदकांमुळे!”

“बदकं कुणाची?”

“बाबांची!”

“म्हणजे बाबांमुळेच ना?”

“अगं, बाबा थोडेच पाण्यात...”

“पुढे एक शब्द बोललात तर बघा!”

त्या दिवशी मला जेवायला सकाळचं वाढलं गेलं, तेही गार.

नानांना समजावायला गेलो तर ते ऐकेनात. “जावईबापू, गाडीत घेतलेला प्रवासी मधेच उतरवता येत नाही. नियम आहे.”

“अहो पण ते फुकटे आहेत!”

“पास आहे त्यांच्याकडे,” नाना शांतपणे म्हणाले.

मग मी ठरवलं, आता बदकांशीच सरळ युद्ध! घरातले रिकामे डबे घेऊन काठावर बडवले. बदकं उडाली, एक घिरटी घातली आणि परत बसली. येताना नवीन पाहुणे घेऊन आली ते वेगळंच. दोरीला चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या. त्यांनी त्या तोडून घरट्यांना नेल्या. शेवटी बुजगावणं केलं. दोन बांबू आडवेउभे बांधले, त्यावर माझाच नारिंगी गणवेश चढवला, वर मडकं, मडक्यावर माझी टोपी. लांबून बघितलं तर मलाच वाटलं, अरे, आपण तिकडे काय करतोय?

बदकांना काही वाटलं नाही. दोन बदकं खांद्यावर बसली, एक टोपीवर. पण दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला आणि त्यांचा आवाज असा थरथरत होता की मी उभा राहूनच ऐकला.

“फार माज आलाय तुम्हाला! मी पलीकडच्या काठावरून हाका मारतोय, तळी कधी बुजवायची विचारतोय, आणि तुम्ही हात पसरून उभे? माझ्याकडे बघून?”

“साहेब, तो मी नव्हतो.”

“गणवेश तुमचा, टोपी तुमची, उंची तुमची! खोटं बोलता?”

“साहेब, ते बुजगावणं होतं.”

“म्हणजे मी बुजगावण्याशी बोलत होतो, असं म्हणायचंय तुम्हाला?”

आता याचं उत्तर काय देणार? हो म्हटलं तर मेलो, नाही म्हटलं तरी मेलो. मी म्हटलं, “चुकलो साहेब, माझंच लक्ष नव्हतं.” आणि वर ऐकावं काय लागलं? “आणि डोक्यावर बदक घेऊन ड्युटी करत जाऊ नका!”

एक बरं झालं. साहेबांना घाई होती माझा निकाल लावायची, आणि अध्यक्षबाईंना मात्र न्याय हवा होता. “एका बाटलीवर तळी बुजवायची नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः येते. माझ्यासमोर पुन्हा नमुना घ्या. तो जो सांगेल ते शेवटचं.”

त्या संध्याकाळी मी ओट्यावर डोकं धरून बसलो होतो. बायको येऊन शेजारी बसली. मग म्हणाली, “खरंच हे घर जाईल?”

“जाईल.”

“पेरूला यंदा पहिल्यांदा एवढे कच्चे पेरू धरलेत.”

तिचा आवाज असा झाला की मला भांडायला सुचलंच नाही. ती उठून आत गेली. आत बापलेकीचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण थोड्या वेळाने नाना बाहेर आले. चेहरा आगारात गाडी लावून आल्यासारखा.

“जावईबापू, पोरीचं घर आहे. उद्यापासून पाव बंद. गाडी दुसऱ्या मार्गाने वळवतो.”

आणि नानांनी शब्द पाळला! रोज दुपारी ते चिमटा वाजवत बांधावरून पुढे पुढे चालायचे, मागोमाग बदकांची वरात, थेट पलीकडच्या ओढ्यापर्यंत. तिथे पाव वाटायचे आणि एकटेच परत यायचे. धाकटं पुन्हा आरशासारखं नितळ झालं. ऊन थेट तळापर्यंत पोचू लागलं. मी रोज काठावर उभा राहून म्हणायचो, भाज बाबा, भाज! एकेकाला भाजून काढ!

समितीचा दिवस उजाडला. लख्ख ऊन. नाना सगळ्या प्रवाशांना घेऊन सकाळीच ओढ्यावर रवाना झाले होते. धाकट्यावर औषधालाही बदक नव्हतं. मी धुतलेला गणवेश घालून फाटकाशी उभा.

थोरल्यापाशी अध्यक्षबाईंनी रुमाल नाकाला लावला. साहेब लगेच म्हणाले, “बघा बाई, कसला हा वास!” मी म्हटलं, “साहेब, तो वास तुमच्या गाडीतल्या अत्तराचा आहे.” बाई रुमालाआड हसल्या असाव्यात, निदान रुमाल हलला. मधल्यापाशी मी शेवाळाची आणि सूक्ष्म जिवांची भागीदारी समजावून दिली, तेव्हा त्या खाली वाकून बुडबुडे बघू लागल्या. आणि धाकट्यापाशी आल्यावर तर बाई थांबल्याच. तळातले खडे दिसत होते हो! साहेबांचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात पेरूच्या झाडाला हाक मारली, काळजी करू नकोस!

प्रयोगशाळेतल्या बाई पुढे झाल्या. बाटली काढली. बाटलीवर नाव-वेळ लिहायला खिशातून पेन काढलं. खटक्याचं पेन. आणि बाईंनी ते उघडलं.

टिक-टिक.

ओढ्याच्या बाजूने एक बदक आलं. बाईंच्या पायापाशी उतरलं आणि चोच वर करून उभं राहिलं.

“अय्या!” बाई म्हणाल्या आणि, माणसाला गंमत वाटली की तो हातातलं काही ना काही वाजवतोच, तसं त्यांनी पुन्हा केलं. टिक-टिक, टिक-टिक!

“बाई, नको! पेन नको!” मी ओरडलो.

“पेनाचं काय झालं?” म्हणत त्यांनी ते पुन्हा दाबून बघितलं. टिक-टिक, टिक-टिक, टिक-टिक!

आभाळ काळं झालं. खोटं सांगत नाही! ओढ्यावरून सगळीच्या सगळी फलटण उठली आणि आमच्या डोक्यावरून धाकट्यात कोसळली. धपाक! धपाक! धपाक! गाळ ढवळला, खडे दिसेनासे झाले, साहेब डोक्यावर फाईल धरून खाली बसले, तर दोन बदकं फाईलवर बसली. प्रयोगशाळेतल्या बाई बाटली छातीशी धरून मागे सरताहेत, समोर बदकं रांग लावून पाव मागताहेत. आणि मी? मी माझ्या घराची राखरांगोळी बघत उभा होतो. संताप असा आला, असा आला, की मी भर समितीसमोर बदकांना ओरडलो, “हरामखोरांनो, खाल्ल्या पावाला जागा!”

तेवढ्यात बांधावरून धापा टाकत नाना. त्यांनी श्वास घेतला आणि आयुष्यभराचा आवाज काढला, “थांबा! कुणी ढकलाढकली करायची नाही! रांगेत!”

आणि काय सांगू! शेकडो बदकं एका ओळीत. तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिडीचूप!

अध्यक्षबाईंनी रुमाल खाली घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ही,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ती हिरव्या मानेची... मी लहानपणी बघितली होती. नंतर कधीच नाही. मला वाटलं संपली असतील.”

“बाई, नमुना!” साहेब फाईलखालून ओरडले. “या घाण पाण्याचा नमुना घ्या!”

माझं डोकं तेव्हा चाललं. कसं चाललं देव जाणे! “नमुना घ्याच!” मी म्हटलं. “पण दोन घ्या. एक इथे, बदकांच्या नंतरचा. आणि एक तिथे, धाकट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वळणावर. तिथे बांध आहे. पाणी आधी त्या कप्प्यातून येतं, तिथे ऊन खातं आणि मगच इकडे शिरतं. त्या कप्प्यात एक बदक जात नाही, कारण तिथे पाव मिळत नाही! मग बघा घाण माझ्या तळ्याची आहे की प्रवाशांची!”

दोन बाटल्या भरल्या. दुसरी भरताना पेन मी माझ्याकडे ठेवून घेतलं.

निकाल आला. बदकांनंतरची बाटली, नापास. बांधाआडची बाटली, पास! नुसती पास नाही, बागेला चालेल त्यापेक्षाही चांगली! प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, “तुमचं ऊन जोरदार आहे हं.” मी तिथल्या तिथे नाचलो. बायको नाचली. नानांनी चिमटा वाजवला आणि मी पहिल्यांदाच काही बोललो नाही!

मग पुन्हा बैठक झाली. अध्यक्षबाईंनी निर्णय वाचून दाखवला. तळी बुजवायची नाहीत! बागेचं पाणी यापुढे बांधाआडच्या कप्प्यातून घ्यायचं. यंत्र रद्द! मशीनसाहेब खुर्चीत असे बसले होते, जणू त्यांचा प्लग कुणीतरी काढलाय. मी त्यांच्याकडे बघून मान तुकवली. सभ्यपणे. फार वेळ.

“आणि,” बाई पुढे म्हणाल्या, “धाकटं तळं यापुढे राखीव. पक्ष्यांसाठी.”

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच!

“तिथे एक जाणकार निरीक्षक हवा. पक्षी ज्याचं ऐकतात असा. असा माणूस आम्ही स्वतः पाहिला आहे.”

मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नानांना काम मिळालं, म्हणजे ते दिवसभर बाहेर! माझ्या योजनेचा विजयच की हा!

“निरीक्षकाला चोवीस तास तिथेच राहावं लागेल. तळ्याकाठी एकच क्वार्टर आहे, तेव्हा ते निरीक्षकांच्या नावे करण्यात येत आहे. पक्ष्यांना गर्दीचा त्रास होतो, म्हणून राहणारा एकच असावा. सुपरवायझरांची सोय गावात करण्यात येईल.”

टाळ्या वाजवणारे माझे हात हवेतच राहिले. आजूबाजूचे वाजवतच होते.

आता आम्ही बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान, समोर भोंगा, मागे दुसऱ्याची भिंत. तळी सुरक्षित आहेत, थोरलं काळं, मधलं हिरवं, सगळं जिथल्या तिथे. मी रोज बसने कामावर जातो. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. “तुम्हीच टाळ्या वाजवल्यात,” एवढंच म्हणते.

परवा तिला माहेरची, म्हणजे आमच्याच घरची, फार आठवण आली. म्हणून दोघं गेलो. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने फट उघडली. नाना बाहेर आले, मागे दार ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू! पिल्लं झोपलीत.”

“नाना, जरा आत बसतो की!”

नानांनी आमच्याकडे पाहिलं. खरंच, फार प्रेमानं पाहिलं हो.

“जावईबापू,” ते म्हणाले, “यायचं असेल तर आधी कळवत जा.”